हलकं काहीतरी

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सोहार रिकामं होतं.
शाळा मिटतात, बायकामुलं विमानात बसतात,
मागे आम्ही,
फ्रीजरमधल्या डब्यांवर चिकटवलेल्या तारखांसकट.

तेव्हा तोरसेकरबाई कपाट उघडतात.
बाल्कनीकडे जाणाऱ्या बोळात, इस्त्रीच्या टेबलामागे
एकशे ऐंशी मराठी पुस्तकं,
बदली झालेल्यांची, कायमचे परतलेल्यांची,
तीस किलोंत न मावलेली.

"काय देऊ?" बाई विचारतात.
दिवसभर औषधाच्या दुकानात उभा असतो मी,
खरं तर हा प्रश्न माझा.
"हलकं काहीतरी," म्हणालो.

त्या हसल्या नाहीत.
गेल्या वर्षी मीच नेली होती ती जाडजूड कादंबरी,
सहाशे पानं, तीन पिढ्या, एक विहीर,
आणि जुलैअखेर तीत कुणी जिवंत उरलं नव्हतं.
रात्री दोन वाजता कुडाळला फोन लावला होता,
सगळे बरे आहेत ना विचारायला.
तिकडे साडेतीन.
वृषाली अजून विसरलेली नाही.

म्हणून यंदा अटी घातल्या.
दुष्काळ नको.
आजारपण नको, ते मी रोज मोजून पाकिटात घालतो.
परदेशात एकटा राहणारा माणूस तर अजिबात नको.
थंडी असेल तेवढी द्या.
जेवणं असावीत. भांडणं असावीत, पण मिटणारी.
आणि झोपेत छातीवर पडलं
तर लागू नये.

बाईंनी तीन काढली.
एक पाककृतींचं, कोलंबीच्या पानावर कोलंबीचाच डाग.
एक हिमालयातल्या पायी प्रवासाचं,
लेखकाचे मोजे पहिल्या पानापासून ओले.
आणि एक लाल पाठीचं. "खून चालेल ना?"
चालेल म्हटलं. असल्या खुनात
कुणाला फार वाईट वाटत नाही.

स्टीअरिंग टॉवेलनं धरून घरी आलो.
थंड नळाला टाकीतलं कढत पाणी;
गार हवं तर गीझर बंद ठेवायचा
आणि त्यातलं कालचं घ्यायचं.
सप्टेंबरपर्यंत इथे सगळं असंच, उलटं.

हिमालय दुपारी वाचला, एक ते चार, शटर अर्धं ओढून.
पाककृती रात्री, दहीभात खाता खाता.
खून जुलैसाठी राखून ठेवला.

पान सतरा. समासात पेन्सिलीनं,
कित्त्यातल्यासारख्या टोकदार अक्षरात:
खुनी माळी आहे.

चिडलो. गाडीच्या मागच्या सीटवर फेकलं.
दोन दिवसांत उन्हानं डिंक वितळला,
पानं सुटी झाली.
मग वाईट वाटलं. रबरबँड लावून
पुन्हा घेतलं वाचायला.

आणि काय सांगू,
खुनी माहीत असला की जिवाला घोर नाही.
इन्स्पेक्टर धावतोय, धावू दे.
मी माळ्याकडे बघत बसलो.
तो पहाटे उठतो, जास्वंदीला आळं करतो,
मालकिणीला न विचारता एक फूल कानावर खोवतो.
का मारलं असेल यानं?
पगार थकला असेल. घरी पैसे पाठवायचे राहिले असतील.
एकशे नव्वदाव्या पानापर्यंत
मी त्याचं वकीलपत्र घेतलं होतं मनात,
गोळ्या मोजता मोजता.
एका गिऱ्हाइकाला दहाच्या जागी अकरा गेल्या.

पान दोनशे बारा.
माळी नव्हताच.
भाचा होता, तो पेटी वाजवणारा.

एवढ्या मोठ्यानं हसलो
की शेजारच्या शाजीनं भिंत ठोकली.
"ठीक आहे," मी ओरडलो, "माळी सुटला!"
त्याला काय कळलं कोण जाणे,
पण तोही हसला, भिंतीपलीकडे,
त्याचीही माणसं गावीच होती.

सप्टेंबरात पुस्तक परत केलं, रबरबँडसकट.
तोरसेकरबाईंच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं,
मग फ्रीजवर लावलेल्या त्यांच्या वाणसामानाच्या यादीकडे.
नाही. त्यांचं अक्षर गोल.
दुसरंच कुणीतरी, केव्हाच गेलेलं,
पुण्याला की कॅनडाला,
ज्यानं असल्याच एका जुलैत बसून
पेन्सिलीला टोक केलं होतं.

खिशात खोडरबर नेलं होतं मी.
ते तसंच घरी आणलं.