खोकल्यासकट

लॅसेल्स पिनॉक क्लॅरेंडनहून आला उसाच्या ट्रकवर बसून,
फडक्यात आईनं बांधून दिलेला भाजका नीरफणस
आणि गळा असा, की किंग्स्टनच्या आमच्या गल्लीत
भांडणारी माणसं भांडण अर्धवट टाकून खिडकीशी यायची.

बार्टलीसाहेबाच्या स्टुडिओबाहेर रांग.
तीन रविवार उन्हात, चौथ्या रविवारी आत.
ड्रमवर मी होतो. म्हटलं,
बाबा रे, आमच्याकडे समेवर काही नसतं.
पहिली मात्रा मोकळी सोडतो आम्ही,
घाव तिसरीवर.
त्या मोकळ्या जागेत तू घुसू नकोस,
तिथं नाचणाऱ्यांचे पाय पडतात.
हसला. पहिल्याच दमात धरलं त्यानं.

एकच टेक. दुसऱ्या कडव्यात मला खोकला आला.
टेप महाग आहे, बार्टली म्हणाला, राहू दे.
पंधरा डॉलर, एक पॅटी, आणि एका कागदावर सही.
वाचायला चष्मा नव्हता कुणाकडे.
तबकडीवर नाव छापून आलं: लेस्ली पेनक.
त्यानं ती आईला पाठवली, तर तिचा निरोप,
हा लेस्ली कोण, आणि तुझ्या गळ्यानं का गातो?

पुढचं भरभर सांगतो, भरभरच गेलं ते.
गाणं विलायतेत चाललं.
आम्हाला कळलं दोन वर्षांनी, माझ्या मावशीच्या पत्रातून:
तिच्या बर्मिंगहॅममध्ये लग्नात, तळघरात,
न्हाव्याच्या दुकानात तेच.
मग आम्हीही गेलो. जानेवारीत. तिघांत एक कोट.
गाणाऱ्यानं घालायचा.
लीड्सला पडदा पडला आणि कार्यक्रमवाला
पैशांसकट नाहीसा.
व्हॅनमध्ये झोपलो. काचेला आतून हिमाचा थर,
त्यावर लॅसेल्स बोटानं आपलं खरं नाव लिहीत होता.
सकाळी सीटवर नुसती ओल.

परत आल्यावर हॉटेलं. माँटेगो बे,
पोहण्याच्या तलावाकाठी पर्यटकांना दुसऱ्यांची गाणी,
फुलाफुलांचा शर्ट, हॉटेलचा,
रात्री मोजून परत करायचा.
एकदा एकानं फर्माईश केली ती नेमकी त्याच्याच गाण्याची.
जीव ओतून गायला.
छान, तो माणूस म्हणाला, पण मूळच्याची सर नाही.

त्या रात्री शर्ट दिला तो कायमचाच.
फ्रिज दुरुस्त करायला लागला. वीस-बावीस वर्षं.
कॉम्प्रेसरला कान लावून सांगायचा
किती उतरलाय सूर.
उधारी लिहून ठेवायचा, मागायचा मात्र नाही.
बायको, डॉर्कस, चर्चमध्ये गा म्हणायची;
तो दाराबाहेर उभा राहून
पायानं मात्रा मोजायचा, पहिली सोडून.

गेल्या मार्चात एक पोरगा आला, ओसाकाहून.
पाठीवर पिशवी, पिशवीत तबकडी, तबकडीला तीन कव्हरं.
लेस्ली पेनक इथंच राहतात का?
लॅसेल्सनं हाताचं तेल पुसलं.
मला वाटलं, आता तरी सांगेल.
पेन घेतलं आणि सावकाश, ठसठशीत अक्षरात
लिहिलं: लेस्ली पेनक.
नंतर मला म्हणाला,
त्याच्या वतीनं कुणी तरी करायला हवीच होती.
बिचारा. कोटसुद्धा नव्हता त्याला स्वतःचा.

पोरगा जायला उठला, दाराशी थबकला.
लाजत लाजत म्हणाला,
दुसऱ्या कडव्यात एक आवाज आहे,
आमच्याकडे तिथं सगळे मिळून खोकतात,
तो कुणाचा?

मी शर्टाचं वरचं बटण लावलं.