उपाशीपोटी, सोहार

सकाळी सात वाजता काउंटरवरची मुलगी
पुकारते : फिनाया.
अरबीत 'व' नाही, म्हणून अकरा वर्षं मी इथे फिनायाच.
विनया फक्त आईच्या फोनवर.

पुन्हा तीच नारिंगी बाटली.
पाकात विरघळलेल्या गोळीची चव, घशाला चिकटणारी.
लिसी सिस्टर म्हणते, पाच मिनिटांत संपवा,
ओकलात तर उद्या परत.
आणि माझ्या हाताच्या पंजावर
निळ्या पेनाने वेळ लिहिते : ७.२०.

गेल्या खेपेला पोटात शाल्मली होती.
ही साखर आत उतरली
आणि तिने केवढी लाथ मारली!
मला वाटलं, आवडलं वाटतं हिला.

डॉक्टर सुदानचे, संथ बोलणारे.
म्हणाले, वार पडली की साखरही पडेल.
मग तीन महिने फ्रिजमध्ये
कोथिंबिरीच्या जुडीमागे इन्सुलिनचं पेन.
शेजारच्या परकार भाभींनी सांदणं आणली,
फणस थेट संगमेश्वरचा.
मी एक तुकडा जिभेवर धरला,
आणि त्या चहा ओतायला वळल्या तेव्हा
रुमालात काढला.

वार पडली.
साखरही पडली, डॉक्टरांचा शब्द खरा.
सासूबाईंनी कुणा मिरजेच्या माणसाच्या बॅगेतून
डिंकाचे लाडू धाडले : सुटलीस बाई, खा आता.
खाल्ले. मोजले नाहीत.

डिस्चार्जच्या कागदाच्या तळाशी एक ओळ होती :
सहा आठवड्यांनी तपासा, मग दरवर्षी.
तो कागद गेला शाल्मलीच्या फाइलीत,
जन्मदाखल्याच्या पाठीमागे.
किती वेळा उघडली ती फाइल,
व्हिसाला, शाळेला, पासपोर्टाला!
दाखला काढायचा, झेरॉक्स मारायची, परत ठेवायचा.
मागचा कागद हलायचा नाही.

यांच्या रेसिडेन्सीची तारीख मला पाठ,
गाडीच्या मुल्कियाची, फीची, लसींची.
माझी एकच तारीख होती.
नऊ वर्षं टळली.

मला वाटलं, साखर विझिट व्हिसावर आली होती,
मुदत संपली, गेली.
ती गेलीच नव्हती.
मागच्या खोलीत राहिली,
दिवा न लावता.

आणि तहान? इथे तहान कोण मोजतं?
जूनमध्ये अख्खं सोहार तहानलेलं असतं.
मी रात्री तीनदा उठायचे,
नळाचं पाणीसुद्धा कोमट,
आणि एसीला शिव्या द्यायचे.

शेजारच्या खुर्चीवर झुवैना, पाचव्यांदा पोटुशी,
हातात तीच नारिंगी बाटली.
मोडक्या हिंदीत विचारते : कितने बच्चे?
एक.
बस?
पर्समधून ती खजूर काढते, मला देऊ करते,
मग आमच्या दोघींच्याही लक्षात येतं
आणि आम्ही तोंडावर हात दाबून हसतो.

मला तिला तो कागद सांगायचा असतो.
माझं अरबी भाजीपुरतं.
तिच्या पोटाकडे बोट करते, मग नसेकडे, मग म्हणते,
कुल्ल सना. दरवर्षी. कुल्ल सना.
तिचा चेहरा उजळतो.
कुणाचा वाढदिवस? तुझ्या मुलीचा?
इथे शुभेच्छेची सुरुवातच त्या शब्दांनी होते.

नाही, म्हणायला तोंड उघडते
आणि थांबते.
शाल्मलीचा वाढदिवस गेल्या गुरुवारी झाला.
नऊ मेणबत्त्या. केक मीच कापला,
कोपऱ्यातला क्रीमचा तुकडा मीच खाल्ला.
ती तारीख मी कधी विसरले आहे?

हो, म्हणते मी झुवैनाला.
तिचाच. आणि माझापण.
तिला किती कळलं कोण जाणे.
पण ती लिसीकडून पेन मागून घेते
आणि आपल्या हातावर, वेळेच्या खाली,
अरबीत काहीतरी लिहिते, उजवीकडून डावीकडे.

माझ्या हातावरचं ७.२०
घामाने पसरत चाललंय.
नऊ वाजून वीस.
फिनाया, पुकारतं कुणीतरी.
मी बाही वर सारते.