चालतं

फोनला झालं होतं इतकंच
की पलीकडचं मला ऐकू यायचं
आणि माझं पलीकडे जायचं नाही.

एम. जी. रोडवर सर्व्हिस सेंटर, दुसरा मजला,
लिफ्टवर चिठ्ठी : फक्त स्टाफसाठी.
गुडघ्यांना समजावत चढले.
टोकन सत्तेचाळीस. पाटीवर बारा चालू होता,
बारानंतर एकदम एकोणीस झाला
आणि मधल्या सहा जणांनी एकमेकांकडे पाहिलं.

काउंटरवरच्या मुलाच्या छातीवर बिल्ला,
'विचारा, मी आहे ना!'
विचारलं.
स्वतःच्या फोनवर अंगठा फिरवत तो म्हणाला,
"पाणी गेलंय. वॉरंटीत बसत नाही."
"अरे, उघडून तरी बघ."
"उघडलं की वॉरंटी जाते, काकू."

मी नाशिकरोडला नोटांच्या प्रेसमध्ये होते,
एकतीस वर्षं, तपासणीच्या टेबलावर.
केसाएवढी रेघ सरकली
की लाल पेन्सिलीची फुली, आणि अख्खा ताव बाजूला.
कोणाचं चुकलं ते नंतर. चुकलं, एवढं पुरे.

म्हणून पावती हातात आली तशी
सवयीनं नजर आकड्यांवर गेली.
पंधरा आकडे. अकराव्या जागी
तीनचा आठ झालेला.
"बाळा, हा नंबर माझ्या फोनचा नाही."
"चालतं, काकू."

चालतं!
हा शब्द आमच्या टेबलावर कोणी काढला असता
तर चिखलीकर बाईंनी त्याला
जेवणाच्या सुट्टीपर्यंत उभं केलं असतं,
आणि सुट्टीतही.

आठ दिवसांनी जो मिळाला
तो रंगानं माझा, वजनानं माझा.
चालू केला, तर पडद्यावर बोकड.
गळ्यात झेंडूची माळ, कपाळाला गुलाल,
कसलीच कल्पना नसलेले डोळे.
"हा माझा नाही."
"सिस्टीममध्ये तुमचाच दाखवतोय."
"यात बोकड आहे!"
"वॉलपेपर बदलता येतो, काकू."

जिना उतरते तोच बोकड वाजला.
पलीकडे कुणी दगू गांगुर्डे, सातपूरचे वेल्डर,
बायकोच्या फोनवरून :
"ताई, माझा मोबाईल तुमच्याकडं गेलाय बहुतेक.
माझ्याकडं जो आलाय
त्याच्यावर पूर आहे गंगेचा,
दुतोंड्या मारुती पार गळ्यापर्यंत..."
"तोच!" मी ओरडले.
भर जिन्यात, आठ दिवसांत पहिल्यांदा
माझं बोलणं कुठेतरी पोचलं.

संध्याकाळी रविवार कारंजावर भेटलो.
त्यांचा चष्मा घरी राहिलेला,
म्हणून दोन्ही नंबर मीच वाचले मोठ्यानं,
तीन तो तीन, आठ तो आठ.
रसवंतीत रसाचे पैसे त्यांनी देऊ दिले नाहीत.
बिघाड त्यांचाही जसाच्या तसा होता.
"आता परत जायचं का हो तिकडं?" म्हणाले,
आणि आम्ही दोघं उगाच
चरकातून निघणाऱ्या चिपाडाकडे बघत बसलो.

रात्री माझ्याच फोनवर एक गोड आवाज :
आमची सेवा आपल्याला कशी वाटली?
मी पाणी प्यायले. पलंगावर मांडी घातली.
टोकनपासून सुरुवात केली.
"हॅलो?" ती म्हणाली. "मॅडम, आवाज येत नाहीये."
मी पावतीपर्यंत आले होते.
"हॅलो? हॅलो?"
छे, थांबते कसली.
अजून बोकड यायचा होता.