दोन अंशांचा पीळ

डोळे मिटून मी पंखावरून तळवा फिरवते.
केसाएवढा उंचवटा
यंत्राला दिसत नाही, केस्तासला दिसत नाही,
माझ्या करंगळीच्या मुळाशी तो टोचतो.
हवेलाही टोचेल.
इथवर ती अबोल, पायरीपायरीनं येईल
आणि इथे अडखळून
पुढची सगळी वाट बडबडत जाईल.
म्हणून पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर. पुन्हा. पुन्हा.
नेमुनास नदीवरचं धुकं उठायच्या आत एक हात,
जेवणानंतर दुसरा.

साडेसात मीटरचा एक पंख,
आमच्या जेवणाच्या टेबलाहून कितीतरी अरुंद.
इंजिन नाही. उंची हीच जमापुंजी,
आणि टोकाशी हवा भोवरा होऊन वळते
ती वाटेतली गळती.
लांब, निमुळता केला की कमी गळतो.

बाबांचं विमान दुमजली होतं.
सामूहिक शेतावर खत टाकायचं.
वर एक पंख, खाली एक, मधे काठ्या आणि तारा,
अर्धवट सोडलेल्या विणकामासारखं.
हळू जायची त्याला लाज नव्हती.
समोरून वारा असला की बीटच्या वाफ्यांवर
जवळजवळ उभंच राहायचं ते,
आणि मी कुंपणाशी धावत त्याला मागे टाकायची.
"याला पडता येत नाही," बाबा म्हणायचे,
"याला फक्त खाली बसता येतं."

तौत्विदासला तो ट्रॅक्टर वाटायचा.
तो जेटकडे गेला.
तिथले पंख मागे रेललेले,
कान पाडून पळणाऱ्या सशासारखे.
आवाजाच्या वेगाशी हवेची भिंत होते, म्हणाला,
भिंतीला खांदा तिरका लावायचा.
रजेवर आला तेव्हा सुरी तिरकी धरून
त्यानं मला राईच्या पावावर दाखवलं होतं.
हे मात्र नाही सांगितलं
की तिरका पंख हळू व्हायला लागला
की आधी टोकं हवा सोडतात,
नाक आपोआप वर जातं.
आणि घरी यायचं तर हळू व्हावंच लागतं.

मार्च महिना. धावपट्टीच्या अलीकडे आठशे मीटर.
पेटी उघडायची नाही, असं बजावून गेले.
आईनं त्या सुरीनं पुन्हा पाव कापला नाही.

केस्तास सव्वीस वर्षांचा आहे.
संगणक माझ्या बादलीशेजारी टेकवून म्हणतो,
"टोकाचा पीळ काढू या, डांगुओले.
दोन अंश उगीच खाली वळलेत.
काढले तर किलोमीटरभर उंचीवरून
बेचाळीसऐवजी त्रेचाळीस किलोमीटर."
आकडा खरा आहे. पोरगा हुशार आहे.
आणि कुठलाच पंख सगळं देत नाही,
अपुरं पांघरूण ते,
तोंडावर ओढलं की पाय उघडे.

मी विचारते, हे कुणासाठी बनतंय?
"क्लबसाठी. नवी शिकणारी पोरं."

त्याचा हात धरून मी पंखाच्या मुळाशी ठेवते,
टोकाकडे चालवत नेते.
शेवटच्या दीड मीटरात
पंख मान खाली घालतो, इतकी थोडी
की हातालाच कळावी.
"वेग सरला की मुळाकडची हवा आधी सुटेल.
दांडा थरथरेल. पोराला कळेल.
टोकं तोवर धरून राहतील.
तेवढ्यात नाक खाली घेता येतं."
"मला माहीत आहे ते," केस्तास म्हणतो.
"त्यालाही माहीत होतं," मी म्हणते.
कोणाला, ते तो विचारत नाही.

बाहेर विजेच्या खांबावरच्या घरट्यात बलाक उतरतो,
पाय लोंबते सोडून,
पंखांची बोटं एकेक फाकवून,
जणू प्रत्येक बोट आपापली हवा चाचपतंय.
आम्ही दोघं बघतो.
घाई नाही त्याला अजिबात.

एक किलोमीटर, केस्तास पुटपुटतो.
संगणक मिटत नाही, आकडे खोडतही नाही.
सोमवारी कळेल.
मी कागद बादलीत बुडवते
आणि त्या उंचवट्याकडे परत येते.