पाच वेढे, मग थुंकी

रात्रपाळी उतरून घरी न जाता
मी तशीच गाडीत बसले, मागे, दोन पोरांच्या मधे.
उमाकांत म्हणाला, झोप जरा, पोचलो की उठवतो.
कोण झोपू देतंय!
राघूच्या मांडीवर निळी बादली,
केतकीच्या मांडीवर कोल्ड स्टोअरमधून आणलेली
गोठलेल्या कोळंबीची पिशवी,
आणि तिचा फ्रॉक ओला होत चाललेला.

बुदय्याच्या धक्क्यावर शुक्रवारी
सगळे आपल्याआधी आलेले असतात.
मल्याळी मंडळी, फिलिपिनो जोडपी,
खुर्च्या टाकून बसलेले दोन बहरिनी म्हातारे,
ज्यांच्या गळाकडे त्यांचं स्वतःचंही लक्ष नसतं.

आम्ही उदगीरकडचे.
आमच्याकडे पोहायला कुणी शिकत नाही,
बुडायला पाणी लागतं ना.

तीन रात्री व्हिडिओ बघून
उमाकांतनं घटवलेली गाठ
पहिल्याच फेकीत सुटली.
शिसं गेलं, गळ गेला.
नुसती दोरी परत आली, हलकी,
बाजारातून काहीच न आणलेल्या माणसासारखी.

खालच्या होडीतून मोतालेब वर आला,
फाटकं जाळं तसंच मांडून.
काही विचारलं नाही. दोरा घेतला,
पाच वेढे, मग थुंकी, मग ओढ.
सुकी ओढली की जळते गाठ, म्हणाला
त्याच्या बंगाली हिंदीत,
आणि दोरा केतकीपुढे धरला.
ती एवढ्या जोरात थुंकली
की म्हाताऱ्यांपैकी एकाचा चहा सांडला.

आमिष लावायची वेळ आली
तोवर राघूनं कोळंबीला नाव देऊन टाकलं होतं.
गोदाक्का.
गोदाक्काला टोचायचं नाही.
मग पिशवीत हात घालून
बिननावाची एक शोधावी लागली.

नऊच्या सुमारास गळाला लागलं काहीतरी:
उमाकांतचा अंगठा.
पोरं ओरडली, मोठ्ठा आहे का?
मी म्हटलं, ऐंशी किलो.
काटा मागे ओढायचा नसतो,
पुढे ढकलायचा, टोक बाहेर आलं की कापायचं.
मोतालेबनं पक्कड दिली.
मी रात्रभर परक्या मनगटांत शिरा शोधल्या होत्या,
आता हा हात, चुन्याचे डाग पडलेला,
अकरा वर्षं माझ्या उशीशेजारी असलेला.
तो समुद्राकडे बघत होता, मुद्दाम.
झालं, म्हटल्यावरही
त्यानं हात लगेच काढून घेतला नाही.

मासा मिळाला. सांगायचं राहिलंच.
केतकीच्या दोरीला, एक साफी,
माझ्या करंगळीएवढी.
हात लावू नको, पाठीवरचे काटे डसतात,
म्हणत मोतालेबनं ती बादलीत सोडली.
दोघं बादलीभोवती उकिडवे बसले,
पाव तास अगदी गप्प.
घरात असं कधी होत नाही.
मग त्यानंच ती उचलून परत टाकली,
लहान आहे, एवढंच बोलून,
आणि जाळ्याकडे निघून गेला.
त्याची पोरं कुठे आहेत, केवढी आहेत,
विचारायचं माझ्या ओठांवर होतं.
नाही विचारलं.

निघताना राघू बादली रिकामी करू देईना.
अर्धी बादली समुद्र
पायांत धरून आम्ही गुदैबियापर्यंत आलो,
प्रत्येक सिग्नलला थोडा थोडा सांडत.

संध्याकाळी अण्णांचा फोन.
काय मिळालं गं पोरींनो, म्हणाले.
राघू ओरडला, मी पोरगी नाही!
केतकी म्हणाली, पाणी. अर्धी बादली.
फोनवर थोडा वेळ काहीच नाही.
मग अण्णा म्हणाले,
बरं. झाकून ठेवा.

ती अजून गॅलरीत आहे, ताटलीनं झाकलेली.
किराण्याच्या यादीत तेलाखाली
केतकीच्या अक्षरात:
शिसं, गळ लहान, कोळंबी (नाव नसलेली).