निळा चिमटा

दोन वर्षं चोकच्या मुठीला
कपडे वाळत घालायचा निळा चिमटा लावून
मी ही शहाऐंशीची फियाट चालवली.
काढला की ती कुठेही, बैलगाडीमागे, एस्टी स्टँडसमोर,
दोन उचक्या देऊन गप्प.

पारोळ्यात झिपरू मिस्त्रीने बॉनेट उघडलं,
चहाचा ग्लास मडगार्डवर ठेवला.
प्लग उन्हात धरला : पांढराफटक.
पॉइंट घासले, जेट फुंकलं.
'मार सेल्फ.'
लागली, थरथरली, मेली.
'परत मार.'

मग सायकलच्या ट्यूबचा हातभर तुकडा,
एक टोक कानात, दुसरं
मॅनिफोल्डच्या कडेकडेने.
जिनिंगचा भोंगा झाला, त्याने मान हलवली नाही.
'हाई दख. हवा चोरस ती.'

बोटाएवढी रबरी नळी, पाठीमागून चिरलेली.
भेगेवर त्याने अंगठा दाबला
आणि ग्लासातला चहा
हलायचा थांबला.

नळीचे साठ घेतले.
ऐकण्याचं काही लावलं नाही.

परतताना धुळे रस्त्यावर कापसाचा ट्रक आडवा.
उभा राहिलो. गाडी चालूच.
हात तरी चोककडे गेलाच.
चिमटा आता दोरीवर आहे,
सुलभाच्या ओल्या ओढणीला.