पासंग

मंगळवार पेठेतल्या आमच्या दुकानात
आजोबांचा काटा होता, पोती तोलायचा.
त्याची डावी तागडी हलकी.
तिच्या साखळीला तारेनं बांधलेली
तळहाताएवढी काशाची चकती.
चकतीवर एक बाई, एक सिंह,
आणि कडेनं इंग्रजी अक्षरं
ज्वारीच्या धुळीनं बुजलेली.

आजोबा तोलार. पहिल्या मापाला
एक म्हणायचे नाहीत.
लाभ. दोन. तीन.

सतरा साली कुंभारीच्या चावडीवर
तालुक्याचा कागद आला, तोही मोजूनच:
गावामागे तीन.
पाटलाचा पोरगा त्याच आठवड्यात खोकायला लागला.
सावकाराच्या पोराचं वय रातोरात उतरलं.
ज्याच्या नावावर वावर नाही, डोक्यावर बाप नाही,
ज्याला चारचौघांत नाही म्हणता येत नाही,
तो मलकारी.
आजोबांचा थोरला. एकोणीस वर्षांचा.
मेंढरं राखायचा, आणि शीळ अशी घालायचा
की दुसऱ्याचं कुत्रंही वळून यायचं.

सोलापूर स्टेशनाजवळच्या तंबूत
त्याची छाती मोजली, दात बघितले,
वजन केलं.
किती भरला ते आजोबांना आठवायचं नाही.
काट्यावरून उतरताना तो हसला होता एवढंच.
'येवढा जड हाय व्हय मी?'

मग आगबोट. मग बसरा.
त्यांच्या आईला ते गावाचं नाव वाटलंच नाही.
बस, रा,
पाव्हण्याला म्हणावं तसं.
बरं झालं, म्हणायची,
तिथली माणसं बस म्हणतात, रा म्हणतात.

तो राहिला.

कागद आला तो गड्ड्याच्या दिवसांत.
बाराबंदी घालून लोक नंदीध्वजामागं निघालेले,
त्यातूनच मास्तरांना हाताला धरून आणलं.
त्यांनी वाचलं: कामी आला.
कुणाच्या, ते लिहिलं नव्हतं.

पुढं दीड वर्षानं पुठ्ठ्यात गुंडाळून ही चकती.
नावात एक अक्षर चुकलेलं.
मास्तर म्हणाले, लिहिलंय की हा स्वातंत्र्यासाठी मेला,
आणि तो शब्द आपल्या तोंडून गेला म्हणून
दाराकडं बघू लागले.

आईनं ती देव्हाऱ्यात ठेवली नाही, फेकलीही नाही.
ताकाच्या लोटक्यावर झाकण घालायची.
ती गेल्यावर आजोबा चकती घेऊन शहरात आले.
पावशेराहून जास्त, अच्छेराहून कमी.
कुठल्याच मापात बसेना
म्हणून पासंगाला लावली.

तीस साली मार्शल लॉ लागला.
झडतीला आलेला गोरा चकतीपाशी थांबला,
नाव वाचायला बघितलं, टोपी काढली.
मग उरलेलं दुकान उपसून टाकलं.

बाजारात भांडण जुंपलं की एखादा म्हणायचाच,
तू माझ्या पासंगालाही पुरणार नाहीस.
आजोबा त्या वेळी वर बघायचे नाहीत.
चाळीस वर्षं त्यांनी लोकांची ज्वारी
भावाला धरून तोलली.
शेराचाही वाद झाला नाही कधी.

आता माझ्याकडं बॅटरीचा काटा आहे.
काल दुपारी बाहेर चव्वेचाळीस डिग्री, गिऱ्हाईक नाही,
मी चकती पुसून त्यावर ठेवली.
तीनशे तीस ग्रॅम.
मोकळा डबा ठेवल्यावर दाबतो तसं
सवयीनं शून्याचं बटण दाबलं.
काटा म्हणाला, शून्य.
चकती तिथंच होती.
पोरानं हाक मारली म्हणून ती उचलली
तर लाल आकडे:
उणे तीनशे तीस.

मी ते पुसलं नाही.
तेवढ्यात एक बाई आली,
दोन किलो मालदांडी द्या म्हणाली.
लाभ, मी म्हणालो, तोंडातल्या तोंडात,
आणि आकडा उण्यातून वर येऊन
दोनवर थांबेपर्यंत ओतत राहिलो.
पिशवी उचलताना तिचा हात जरा खाली गेला.
तिनं माझ्याकडं बघितलं,
पण बोलली काही नाही.